माझगावचं चिनी देऊळ : पाचातले चार तारे, एक जिन्यात गेला

आधीच सांगून ठेवते, देऊळ शोधत गेलात तर सापडणार नाही. कळस नाही, दीपमाळ नाही, दारात हारवाल्या नाहीत, चपला राखणारा पोरगा नाही. माझगावात नवाब टँक रोडला इतर घरांच्या सोबतीनं उभं असलेलं एक जुनं माडीचं घर, एवढंच. लाल रंग दिसला की थांबायचं. नाव 'सी यूप कून'. मुंबईतल्या चिनी लोकांचं हे एकुलतं एक देऊळ.

मी त्या घरापासून पाच मिनिटांवर चोवीस वर्षं राहिले आणि एकदाही आत गेले नव्हते.

वडील माझगाव डॉकमध्ये वेल्डर, आमचं बिऱ्हाड डॉकयार्ड रोडच्या चाळीत. आम्हा पोरांना त्या घराबद्दल दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, दिवाळीचे फटाके संपून तीन महिने झाले की जानेवारी-फेब्रुवारीतल्या कुठल्यातरी मध्यरात्री तिथं माळा लागायच्या आणि चाळीतली सगळी तान्ही पोरं एकदम रडायला लागायची. दुसरी, तिथं लाल तोंडाचा देव माडीवर हत्यार घेऊन बसलाय. ही बातमी कुणी आणली होती कोण जाणे, पण तिच्यावर आमचा पूर्ण विश्वास. आईला विचारलं, जाऊ का बघायला? ती म्हणाली, "दुसऱ्याच्या देवघरात बोलावल्याशिवाय डोकावू नये." विषय संपला. त्याच आईची कवळी मात्र एका चिनी डेंटिस्टनं केलेली होती आणि ती तिनं शेवटपर्यंत मिरवली. अक्रोड फोडून दाखवायची पाहुण्यांना.

तर गेल्या कोजागिरीला, ६ ऑक्टोबर २०२५ ला, शेवटी गेले. तारीख मुद्दाम धरली. चिनी लोकांचा चंद्राचा सण त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो आणि बहुतेक वेळा तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडतो. २०२४ मध्ये तर तो नेमका अनंत चतुर्दशीलाच आला होता, १७ सप्टेंबरला. त्या दिवशी डोंबिवलीहून माझगावला जाणार कोण, आणि गेलंच तर परतणार कसं? २०२५ मध्ये त्यांच्या पंचांगात अधिक महिना पडला आणि आपल्यात नव्हता. त्यामुळे दोघांचा चंद्र एकाच रात्रीला आला. त्यांचे मूनकेक आणि आपलं मसाला दूध. म्हटलं, याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

दुसरंही कारण होतं, ते पुढे सांगते.

बरोबर शाळेतली मैत्रीण. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ती बौद्ध आहे, आजोबा १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर हजर होते हे ती पहिल्या भेटीतच सांगते. "बुद्धाचं देऊळ म्हणतेस ना, मग मला यायलाच पाहिजे," म्हणाली.

कसं जायचं ते थोडक्यात. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड. तिथून चालत दहा मिनिटं, माझ्या गुडघ्यांना पंधरा. रिक्षा शोधू नका, इथं चालत नाहीत. टॅक्सीवाल्याला 'सी यूप कून' सांगितलंत तर तो तुमच्याकडेच बघत राहील, 'चायनीज मंदिर' म्हणा. तरीही कळलं नाही तर नवाब टँकपाशी उतरा आणि पानवाल्याला विचारा.

दार उघडं होतं. आतल्या माणसानं मान हलवून "आओ" म्हटलं आणि तो परत आपल्या कामाला लागला. तिकीट नाही, पावती नाही, 'अभिषेक करायचाय का' नाही. मला हे इतकं आवडलं की पहिला तारा मी उंबऱ्यावरच देऊन टाकला. गेल्या दहा वर्षांत मी ज्या ज्या देवळात गेलेय तिथं कुणी ना कुणी माझ्या हातात काहीतरी कोंबलंय. इथं कुणी काही कोंबलं नाही.

खालच्या मजल्यावर क्वान यिन नावाची देवी. समोर संत्री, दिवे, उदबत्त्या. उदबत्ती आपल्यासारखी केळ्यात खोचायची नाही. राखेनं भरलेलं भांडं असतं, त्यात तीन काड्या उभ्या रोवायच्या. सगळीकडे लाल आणि सोनेरी. छत आणि भिंती धुरानं अशा झाल्यात की मला आमच्या गावच्या घरातल्या चुलीवरची तुळई आठवली.

आता या बाईबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ही मूळची आपल्याकडची आहे. क्वान यिन म्हणजे अवलोकितेश्वर, दुसऱ्यांना तारण्यासाठी मागे थांबलेला एक बोधिसत्त्व. बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तेव्हा हा बोधिसत्त्व तिकडे गेला तो पुरुष म्हणून, आणि हजारेक वर्षांपूर्वी हळूहळू बाई झाला. चिनी नावाचा अर्थ जगाचा आवाज ऐकणारी, म्हणजे आवाज कसला, रडणंच. माझ्या आईच्या भाषेत सांगायचं तर हाकेला धावणारी.

आणि हाकेला धावण्याचं हे काम तो आपल्याकडे असल्यापासून करतोय. औरंगाबादच्या लेण्यांत सातव्या लेण्यात जाऊन बघा. मध्ये अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना छोटे छोटे देखावे: कुणाच्या मागे हत्ती लागलाय, कुणाला चोरांनी गाठलंय, कुणी आगीत, कुणी बेडीत, आणि एका ठिकाणी बोटीवरची माणसं बुडायच्या बेतात. प्रत्येक ठिकाणी त्यांनी हात जोडलेत आणि तो येतोय. हाच देखावा कान्हेरीला नव्वद नंबरच्या लेण्यात आहे. एक्केचाळीस नंबरमध्ये तर त्याची अकरा डोक्यांची मूर्ती आहे. सहावीत आमची सहल कान्हेरीला गेली होती. बाईंनी आम्हाला पाण्याची टाकी मोजायला लावली आणि डबे खायला बसवलं. अकरा डोकी असलेला देव तिथंच होता आणि आम्ही शेंगदाण्याच्या चटणीवरून भांडत होतो.

कान्हेरीला दान देणाऱ्यांत कल्याण आणि सोपाऱ्याची माणसं होती, त्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. ही बंदरं. बोटीतल्या माणसांना वाचवणारा देव त्यांना का हवा होता हे वेगळं सांगायला नको. आणि माझगावचं हे देऊळ उभं राहिलं १९१९ मध्ये, तेही बोटीवरच्या माणसांसाठी. गोदीत येणारे, बोटींवर काम करणारे चिनी लोक. म्हणजे बघा, बोरिवलीच्या डोंगरातून निघालेला देव चीनला जाऊन, बाई होऊन, पुन्हा समुद्रमार्गे डॉकयार्ड रोडला आला. लोकलनं आला असता तर एकदा गाडी बदलून दीड तासात पोचला असता.

मैत्रीण हे सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ते ठीक आहे, पण बुद्ध कुठंय?"

मी जे वाचून गेले होते ते सांगितलं. चिनी लोकांच्या साध्या देवळांत ताओ (हा चीनचा मूळचा पंथ), बौद्ध आणि घरचे पूर्वज असे सरमिसळ बसलेले असतात. ताओ पंथाचे देव आहेत, बोधिसत्त्व आहेत, माणसाचा देव झालेले आहेत. पूजा करणारा सहसा विचारत नाही की यातला तुमचा कोण. कार्ल्याला नाही का, चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ आहे. कोळी बांधव पालखी घेऊन चढतात, कॉलेजची पोरं खांब मोजतात, दोघं एकाच पायऱ्यांनी.

"कार्ल्याचं मला सांगू नकोस," ती म्हणाली. तो आमच्यातला जुना विषय आहे. पण नंतर तिनं क्वान यिनकडे बराच वेळ पाहिलं. हात जोडले, डोळे मिटले नाहीत. निकाल असा दिला: "हा आमचा धम्म नव्हे. पण बाई चांगली आहे."

मला वाटतं हा त्या देवळाचा आजवरचा सगळ्यात प्रामाणिक रिव्ह्यू असेल.

मग जिना. जिन्याबद्दल मला तक्रार आहे आणि ती मी करणार. जुन्या घरांचे जिने असतात तसाच, अरुंद आणि उभा. वर जाताना धरायला आहे, उतरताना प्रार्थना आहे. ज्यांचे गुडघे बदललेले आहेत, किंवा बदलायचेत पण मुलं ऐकत नाहीत, त्यांनी खाली क्वान यिनपाशीच बसावं. ती ऐकते म्हणतात ना.

माडीवर तो. लाल तोंडाचा. चाळीतल्या पोरांची बातमी खरी निघाली, पन्नास वर्षांनी.

क्वान कुंग. हा खराखुरा माणूस होता. क्वान यू नावाचा सेनापती, इसवी सनाच्या २२० च्या सुमारास लढाईत पकडला गेला आणि मारला गेला. म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचा शेवट होत होता, तेव्हाचा. त्यानं ल्यू पै आणि चांग फै यांच्याशी भावाचं नातं जोडलं होतं आणि ते मरेपर्यंत पाळलं, यासाठी त्याला मानतात. तिघांना एकत्र दाखवायची पद्धत आहे. तोंड लाल, दाढी छातीपर्यंत, हातात लांब दांड्याचं पातं. शब्द पाळणारा, न्याय करणारा. हाँगकाँगमध्ये पोलीस ठाण्यात याचा देव्हारा असतो आणि पोलीस ज्यांना पकडतात त्या टोळ्यांच्या अड्ड्यावरही असतो, असं वाचलं होतं. मला त्यात नवल वाटलं नाही. मी माझगावात वाढलेय.

ताओ पंथानं त्याला सम्राटाच्या पदवीचा देव केला. बौद्धांनीही सोडलं नाही, विहाराचा राखणदार बोधिसत्त्व केला. त्या पदाचं चिनी नाव 'छ्ये-लान' हे आपल्या 'संघाराम' या शब्दावरून आलंय. संघाराम म्हणजे भिक्षूंचा मठ. म्हणजे हा वेतोबा आहे. कोकणातल्या लोकांना एका शब्दात कळेल: गावाची राखण करणारा, रात्री फेरी मारणारा, वचनाला पक्का, आणि तोंडावरून शेंदूर फासल्यासारखा. फक्त आमच्या आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात, याला काय वाहतात ते मी विचारायला विसरले.

आता या घराविषयी. 'सी यूप' म्हणजे चार परगणे. चीनच्या दक्षिणेला क्वांगतुंग प्रांतात तायशान, खायफिंग, शिनह्वी आणि अनफिंग असे चार तालुके म्हणा. 'कून' म्हणजे सभागृह, बिऱ्हाड, उतरायची जागा. या चार तालुक्यांतली माणसं पोटासाठी जगभर गेली आणि जिथं गेली तिथं त्यांनी असं 'कून' केलं. नवा माणूस बोटीतून उतरला की झोपायला जागा, गावाकडे पत्र लिहून द्यायला कुणीतरी, मेला तर पुरायला चार खांदे, आणि कोपऱ्यात देव. गिरणगावात आपल्याकडे गावकऱ्यांच्या खोल्या असायच्या, गाळे असायचे, वीस-वीस चाकरमानी पाळीनं झोपायचे आणि भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो. अगदी तेच. फरक एवढाच की गाळ्यातली माणसं संपली की आपल्याकडे फोटो उतरवून गाळा भाड्यानं दिला जातो. इथं माणसं कमी झाली आणि देवाच्या वाट्याला घर येत गेलं.

माझा भाचा मेलबर्नला असतो. तिथंही सी यूप देऊळ आहे, १८६६ चं, सोन्याच्या खाणींवर गेलेल्यांचं, आणि देव हाच. त्यानं फोटो पाठवले. कसलं देखणं आहे! अंगण काय, दरवाजा काय. कोलकात्यात तर या चार परगण्यांचं देऊळ आहेच, पण तिथं चिनी देवळांना 'चर्च' म्हणतात. का ते कोलकात्याच्या लोकांनाच ठाऊक. त्या मानानं आपलं माझगावचं गरीब. पण मेलबर्नच्या फोटोत मला एक गोष्ट दिसली नाही, ती इथं होती: खालच्या बाजूला कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा वास उदबत्तीत मिसळला होता. देवळात गेल्यासारखं वाटत नाही, कुणाच्या तरी घरी गेल्यासारखं वाटतं. 'बोलावल्याशिवाय डोकावू नये' हे आईचं म्हणणं तेव्हा मला शिष्टपणाचं वाटायचं. आत उभी राहिल्यावर तिला काय म्हणायचं होतं ते कळलं.

घर टिकलं कसं याचंही मला नवल वाटत होतं. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, तेव्हा हे घर पंचवीस वर्षांचं होतं. आमच्या शेजारच्या आजी सांगायच्या, भांडी फळीवरून पडली आणि त्या जिन्यात येऊन बसल्या, रात्रभर. आणि २०१३ च्या सप्टेंबरात याच डॉकयार्ड रोडला पहाटे एक इमारत कोसळली, ६१ माणसं गेली. ती इमारत जेमतेम तीसेक वर्षांची होती. माझ्या ओळखीचं एक कुटुंब त्यात होतं. त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही.

तर ते दुसरं कारण. चाळीतली आमची खोली. आई गेल्यापासून बंद आहे. विकासकाचे लोक येऊन जातायत, भावाचं म्हणणं आत्ताच विकून मोकळं होऊ, माझं म्हणणं थांबू. आणि चिनी देवळात प्रश्नाचं उत्तर मिळतं, हे मला कळलं होतं.

पद्धत अशी. बांबूचा एक डबा असतो, त्यात नंबर घातलेल्या पट्ट्या, दातकोरण्याच्या थोरल्या बहिणी म्हणा. देवापुढे गुडघे टेकायचे, मनात प्रश्न धरायचा आणि डबा तिरका धरून हलवत राहायचं, एक पट्टी बाहेर पडेपर्यंत. एकच पडली पाहिजे, दोन पडल्या की पुन्हा. मग त्या नंबराचं उत्तर बघायचं. याला म्हणतात 'कौ चिम'.

कौ! मी देवगडची. आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर कळे लावतो, ओले करून, आणि उजवीकडचा आधी पडला की होय, डावीकडचा पडला की नाही. शब्दांचा संबंध नसणार, चिनीत त्याचा अर्थ काड्या मागणं असा काहीतरी आहे. पण देवाला थेट विचारायचं आणि उत्तर गुरुत्वाकर्षणावर सोडायचं, ही अक्कल दोन्हीकडे सारखीच.

मैत्रीण म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मी, मी नाही काड्या हलवणार. तू हलव. मी बघते."

मी गुडघे टेकले (हे वाक्य लिहायला सोपं आहे). प्रश्न मनात धरला. पण कुठल्या भाषेत विचारायचं? चिनी येत नाही, हिंदीत देवाशी बोलायची सवय नाही. शेवटी आईच्या भाषेत गाऱ्हाणं सुरू केलं, हळू आवाजात: "बा देवा म्हाराजा, क्वान कुंगा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत..." मागून मैत्रीण, जिला हे सगळं मान्य नाही ती, बरोबर वेळ साधून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" चाळीत राहिलीय ना. आमच्या मांडवात तिनं पन्नास गाऱ्हाणी ऐकलीत.

मला हसू आलं, डबा हलला, दोन पट्ट्या पडल्या. पुन्हा. तीन पडल्या. तिसऱ्या वेळी काहीच पडेना, मी हलवतेय, हलवतेय, तो खुळखुळ आवाज कानात बसला, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी खोलीचं विचारतच नाहीये. आई त्या खोलीत शेवटचे आठ महिने एकटी होती आणि मी डोंबिवलीला. ते विचारत होते.

एक पट्टी पडली.

तिथल्या माणसानं नंबर पाहिला, पान काढलं. उत्तरांना वर्ग असतात: उत्तम, मध्यम, कनिष्ठ. माझं मध्यम आलं. "ना अच्छा, ना बुरा," तो म्हणाला. "अभी जल्दी नहीं."

"मध्यम," मैत्रीण म्हणाली. "पहिलीपासून तुझा हाच रिझल्ट आहे."

पेटीत शंभर टाकले. तिनं पन्नास टाकले, 'जिन्याच्या दुरुस्तीसाठी' असं मोठ्यानं सांगून.

आता माणसांविषयी दोन शब्द, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धा राहील. मुंबईत चिनी लोक खूप होते, कामाठीपुऱ्याला लागून शुक्लाजी स्ट्रीटला त्यांची वस्तीच होती. दाताचे डॉक्टर, पार्लरवाल्या, खानावळी. अँटॉप हिलला त्यांचं कब्रस्तान आहे. मग १९६२ चं युद्ध झालं. आसाम-बंगालकडच्या चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, तीनेक हजार माणसं, काही तर चार-पाच वर्षं. यातले कितीतरी भारतात जन्मलेले. इकडच्यांना पोलिसांत हजेरी, प्रवासावर बंधनं. हळूहळू पुष्कळ जण देश सोडून गेले. जे राहिले ते आपल्यासारखेच झाले. देवळात ऐकलेली हिंदी शंभर टक्के भायखळ्याची होती, 'क्या मालूम' म्हणताना हात झटकण्यासकट.

लहानपणी आम्ही रस्त्यात चिनी माणूस दिसला की ओरडायचो. काय ओरडायचो ते इथं लिहीत नाही. तुम्ही मुंबईत वाढला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल.

यावरूनच माझी खरी तक्रार. आम्ही खाली उतरत होतो तेव्हा एक घोळका आला, हातात पाण्याच्या बाटल्या, पुढे माहिती सांगणारा एक जण. "फ्रेंड्स, वेलकम टू चायना!" म्हणाला. पंधरा मिनिटांत देवाकडे पाठ करून सगळ्यांचे फोटो झाले, फ्लॅशसकट. एकीनं बांबूचा डबा उचलून खुळखुळा वाजवावा तसा वाजवला, कॅमेऱ्यासाठी. पट्टी पडली, तिनं नंबरही बघितला नाही. घरातली बाई पडद्याआडून बघत होती, काही बोलली नाही. बोलायला हवं होतं. अहो, हे चायना नाही, हे माझगाव आहे. १९१९ पासून आहे. तुमचं बिल्डिंग कुठल्या सालचं?

तर तारे. एक उंबऱ्यावरचा, सांगितलाच. दोन क्वान यिनचे. एक क्वान कुंगचा. पाचवा जिन्यानं खाल्ला. घोळक्याबद्दल मी देवळाचा तारा कापणार नाही, पण माहिती सांगणाऱ्याला माझ्याकडून शून्य.

जायचं असेल तर दोघं-तिघं जा, सकाळी जा, आत कुणी जेवत असेल तर बाहेर थांबा. संत्री न्या, चालतात. फोटो काढायच्या आधी विचारा. चिनी नववर्षाला, म्हणजे २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला, आदल्या रात्री गर्दी असते, फटाके असतात, सिंहाचा नाच असतो. मी त्या रात्रीसाठी मैत्रिणीला तयार केलंय. "जिना चढणार नाही, बाकी येते," म्हणालीय.

रात्री तिच्याकडेच मसाला दूध घेतलं आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडली. गाडीतून भावाला मेसेज केला, "कौल मध्यम आलाय, थांबू." त्याचं लगेच उत्तर आलं, "कुठल्या देवाचा?" अजून उत्तर दिलेलं नाही.